लग्नाचा वैयक्तिक ब्लॉग: आखणीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत

लग्नाच्या ब्लॉगला शेवट असतो, आणि याच बाबतीत तो इतर ब्लॉगांहून वेगळा आहे. प्रवासावर किंवा पुस्तकांवर लिहिणारी व्यक्ती वर्षानुवर्षे लिहीत राहू शकते. लग्नाची तयारी मात्र ठरावीक महिन्यांत आटोपते, तो दिवस येतो आणि जातो, आणि त्यानंतर चार-पाच नोंदींत सांगण्यासारखे सारे सांगून होते. हे पहिल्याच दिवशी ध्यानात घेतले तर पुढचे बरेच निर्णय सोपे होतात: एकूण किती नोंदी लिहायच्या, त्यासाठी किती वेळ राखून ठेवायचा, संकेतस्थळाचा पत्ता किती वर्षांसाठी घ्यायचा आणि सारे संपल्यावर हा मजकूर कुठे जपून ठेवायचा. म्हणून या लेखात मी शेवट डोळ्यांसमोर ठेवून उलट्या क्रमाने आखणी कशी करावी, हे सांगणार आहे.

वाचक आधी ठरवावा

लग्नाच्या ब्लॉगाचे वाचक साधारणपणे तीन प्रकारचे असतात. पहिले वाचक तुम्ही दोघे, पण आजचे नव्हे, वीस वर्षांनंतरचे. दुसरे वाचक म्हणजे दूर राहणारे नातेवाईक आणि मित्रमंडळी, ज्यांना तयारीत प्रत्यक्ष भाग घेता येत नाही. तिसरे वाचक म्हणजे स्वतःच्या लग्नाची तयारी करणारी अनोळखी माणसे. या तिघांना वेगवेगळे काही हवे असते. अनोळखी वाचकाला सभागृह ठरवताना कोणते प्रश्न विचारावेत हे हवे असते, नातेवाइकाला कोण काय म्हणाले हे हवे असते, आणि वीस वर्षांनंतरच्या तुम्हाला त्या दिवसांत तुम्ही नेमके कशाच्या काळजीत होता हे जाणून घ्यायचे असते. तिघांनाही एकाच नोंदीत खूश करू पाहिले तर मजकूर गुळमुळीत होतो. माझे स्पष्ट मत असे, की वैयक्तिक ब्लॉग असेल तर पहिला मान पहिल्या वाचकाला द्यावा. जे तुमच्यासाठी खरे आणि नेमके लिहिले जाते, ते बहुधा इतर दोघांनाही आवडते.

येथे एक फरक स्पष्ट करायला हवा. निमंत्रितांना दिवस, वेळ, ठिकाण, निवास आणि वाहनतळाची माहिती देणारे संकेतस्थळ ही वेगळी गोष्ट आहे. त्याचे काम समारंभाच्या दिवशी संपते आणि त्यात आठवणींना जागा नसते. दोन्ही हवे असतील तर दोन्ही करावेत, पण व्यवहाराची माहिती ब्लॉगाच्या नोंदींमध्ये विखरून ठेवू नये. ती एका स्थिर पानावर असावी, म्हणजे पाहुण्यांना दहा नोंदी उलगडत बसावे लागणार नाही.

जोडीदाराशी आणि घरच्यांशी बोलणे

या टप्प्याला मी सर्वांत जास्त वेळ देण्याचा आग्रह धरतो, कारण ब्लॉग तुमचा असला तरी लग्न एकट्याचे नसते. त्यात जोडीदार आहे, दोन घरांतली माणसे आहेत, मित्र आहेत, आणि यांपैकी अनेकांनी आपल्याबद्दल जाहीर लिहिले जावे असे कधी सांगितलेले नाही. पहिली ओळ टंकण्यापूर्वी दोघांनी शांतपणे बसून काय लिहायचे नाही याची यादी करावी. पैशांचे नेमके आकडे, कोणी किती वाटा उचलला, कोणाचे आजारपण, जुने मतभेद, निमंत्रितांच्या यादीतून वगळलेली नावे आणि एकमेकांना द्यायच्या अचानक भेटी हे विषय या यादीत यावेतच. खर्चाबद्दल लिहायचे असेल तर रकमेऐवजी क्रम लिहावा: कशाला आपण सर्वाधिक महत्त्व दिले, कशात हात आखडता घेतला आणि त्यामागे काय विचार होता. वाचकाला उपयोग याचाच होतो, आणि घरातील हिशेब घरातच राहतो.

दोघांपैकी एकच जण लिहिणार असेल, तर दुसऱ्याला प्रत्येक मसुदा प्रसिद्धीपूर्वी वाचण्याचा आणि कारण न देता एखादा परिच्छेद काढून टाकायला सांगण्याचा अधिकार असावा. हा अधिकार ऐकायला कठोर वाटेल. पण त्यामुळे प्रत्येक वेळी वाद घालावा लागत नाही आणि लिहिणाऱ्यालाही मोकळेपणाने लिहिता येते. इतरांच्या बाबतीत साधा नियम पुरेसा आहे: ज्या व्यक्तीचे नाव, छायाचित्र किंवा बोलणे नोंदीत येणार आहे, तिला ते आधी दाखवावे. लहान मुलांची छायाचित्रे टाकण्यापूर्वी त्यांच्या पालकांना विचारावे, आणि पालकांनी होकार दिला तरी मुलाचे पूर्ण नाव व शाळा लिहू नये.

तयारीच्या काळात रागाचे आणि थकव्याचे दिवस येतातच. ते लिहून काढावेत, कारण पुढे तेही मोलाचे ठरतात, मात्र ते खासगी वहीत किंवा अप्रकाशित मसुद्यात लिहावेत. सात दिवसांनी तो मसुदा पुन्हा वाचावा. त्यातला जो भाग तेव्हाही न्याय्य वाटेल तेवढाच ठेवावा.

जागा आणि पत्ता

ब्लॉगसाठी जागा निवडताना सोय जितकी पाहावी, तितकेच बाहेर पडण्याची वाट आहे का हेही पाहावे. ब्लॉगर ही सेवा १९९९ मध्ये सुरू झाली आणि २००३ मध्ये गूगलकडे गेली. वर्डप्रेस ही प्रणाली २००३ मध्ये आली. या दोन्ही अजून चालू आहेत, पण अशा अनेक सेवा नाहीशा झाल्या. याहूने २००९ मध्ये जपान वगळता सर्वत्र जिओसिटीज ही संकेतस्थळे बनवण्याची सेवा बंद केली, आणि ट्विटरने २०१२ मध्ये विकत घेतलेली पोस्टरस ही ब्लॉगसेवा पुढच्याच वर्षी बंद पडली. लग्नाच्या आठवणी वीस-तीस वर्षे टिकाव्यात अशी इच्छा असेल, तर कोणतीही सेवा कायमची नाही असे गृहीत धरूनच निवड करावी. सर्व मजकूर एका फाइलमध्ये उतरवून घेण्याची सोय आहे की नाही, हे खाते उघडण्यापूर्वी तपासावे, आणि दोन चाचणी नोंदी टाकून ती सोय प्रत्यक्ष वापरून पाहावी. वर्डप्रेसमधून मजकूर बाहेर काढला की जी फाइल मिळते, तीत नोंदी असतात, पण छायाचित्रांचे केवळ दुवे असतात. मूळ छायाचित्रे स्वतंत्रपणे जपावी लागतात. हे ठाऊक नसल्यामुळे पुष्कळांच्या हाती शेवटी चित्राविना मजकूर उरतो.

वर्डप्रेसबाबत आणखी एक गोष्ट समजून घ्यावी. वर्डप्रेस डॉट कॉम ही तयार सेवा आहे, तर वर्डप्रेस डॉट ऑर्गवर मिळते ती प्रणाली स्वतः घेतलेल्या होस्टिंगवर, म्हणजे संकेतस्थळ ठेवण्यासाठी भाड्याने घेतलेल्या जागेवर, बसवावी लागते आणि तिची अद्ययावतता, सुरक्षा व प्रती सांभाळण्याची जबाबदारी आपल्यावर येते. लग्नाच्या तयारीत आधीच पुरेशी कामे असतात. तांत्रिक कामाची आवड नसेल तर तयार सेवाच घ्यावी.

स्वतःचे डोमेन, म्हणजे आपल्या नावावर नोंदवलेला संकेतस्थळाचा पत्ता, घेतल्याचा खरा फायदा असा, की पुढे सेवा बदलली तरी पत्ता बदलत नाही. डॉट कॉमसारखे डोमेन एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी नोंदवता येते. नोंदणी करताना नोंदणीदाराची माहिती झाकण्याची सोय चालू आहे ना हे पाहावे आणि मुदतवाढीच्या सूचना दोघांच्याही ईमेलवर येतील अशी व्यवस्था करावी, कारण लक्ष न दिल्याने सुटलेले डोमेन दुसरे कोणीही उचलू शकते आणि तुमच्या आठवणींच्या पत्त्यावर भलतीच जाहिरात दिसू शकते. नाव ठरवताना लग्नाचे वर्ष किंवा पूर्ण आडनाव घालण्यापेक्षा छोटे, फोनवर एकदाच सांगून समोरच्याला लिहिता येईल असे नाव घ्यावे.

दार किती उघडे ठेवायचे

ब्लॉग सर्वांसाठी खुला असावा की निमंत्रित वाचकांपुरता, हा निर्णय पहिली नोंद टाकण्यापूर्वी घ्यावा. एकदा जाहीर झालेला मजकूर मागे घेतला तरी त्याच्या प्रती इतरत्र उरू शकतात. ब्लॉगरवर ठरावीक वाचकांपुरताच ब्लॉग उघडा ठेवता येतो, आणि वर्डप्रेसमध्ये एकेका नोंदीलाही पासवर्ड लावता येतो. शोधयंत्रांनी पान दाखवू नये अशी जी खूण लावता येते, ती केवळ विनंती असते, कुलूप नव्हे. दुवा हाती असलेला कोणीही ते पान वाचू शकतो.

खुल्या ब्लॉगवर समारंभाची तारीख, वेळ आणि ठिकाण आधी लिहू नये. ज्या दिवशी दोन्ही घरांतली सगळी माणसे बाहेर असणार आहेत, तो दिवस अनोळखी लोकांना कळवण्यात काहीच फायदा नाही. महिना सांगितला तरी पुरते. हीच काळजी छायाचित्रांच्या बाबतीत घ्यावी: मोबाइलने काढलेल्या छायाचित्राच्या फाइलमध्ये, स्थाननोंद चालू असल्यास, ते काढल्याचे अक्षांश-रेखांश दडलेले असतात, म्हणून घरात काढलेली चित्रे चढवण्यापूर्वी ती माहिती पुसून टाकावी. पत्ते, वाहनांचे क्रमांक, पावत्या आणि निमंत्रणपत्रिकेवरील फोन क्रमांक चित्रात आले आहेत का, हे चित्र मोठे करून पाहावे.

शेवटापासून मागे मोजलेला आराखडा

समजा, लग्नाला आठ महिने, म्हणजे साधारण ३४ आठवडे आहेत. शेवटचे ६ आठवडे लिखाणासाठी नाहीतच, असे मानून बाजूला ठेवावे, उरतात २८. लग्नापूर्वीच्या ९ नोंदी ठरवल्या तर दर तीन आठवड्यांना एक नोंद येते, आणि हा वेग नोकरी सांभाळून झेपण्यासारखा आहे. लग्नानंतरच्या ४ आणि समारोपाची १ धरली तर एकूण १४ नोंदी होतात. आकडा लहान वाटतो. पण चौदा भरलेल्या नोंदींचे पुस्तक होऊ शकते, तर रोज लिहिण्याचा संकल्प सोडून सुरुवातीलाच थांबलेल्या ब्लॉगाचे काहीही होत नाही.

आता या चौदा जागांवर विषय बसवावेत. आरंभी ओळख आणि लग्नाचा निर्णय, मग निमंत्रितांची यादी करताना झालेली चर्चा, ठिकाणाचा शोध, कपडे, समारंभात कोणते शब्द उच्चारायचे याचा विचार, वडीलधाऱ्यांच्या लग्नाच्या आठवणी, फसलेला एखादा बेत, आणि शेवटच्या आठवड्यांपूर्वीची मनःस्थिती. प्रत्येक विषयासमोर ती गोष्ट प्रत्यक्षात कधी घडणार आहे ते लिहावे, कारण ताज्या घटनेवरची नोंद पंधरा मिनिटांत उभी राहते आणि दोन महिन्यांपूर्वीच्या घटनेवरची नोंद दोन संध्याकाळी खाते. दोन जागा मुद्दाम रिकाम्या ठेवाव्यात. सर्वांत चांगल्या नोंदी बहुधा आखणीत नसलेल्या प्रसंगांवरच लिहिल्या जातात.

ब्लॉग जाहीर करण्यापूर्वी तीन नोंदी लिहून तयार असाव्यात. पहिली प्रसिद्ध करावी आणि दोन हाताशी ठेवाव्यात, म्हणजे एखादा आठवडा धावपळीचा गेला तरी खंड पडत नाही. ब्लॉगर आणि वर्डप्रेस या दोन्ही सेवांवर नोंद आपोआप प्रसिद्ध होण्याची तारीख व वेळ आधी ठरवून ठेवता येते.

लिहिण्याची रीत

‘तो अनुभव अविस्मरणीय होता’ हे वाक्य लिहून झाले की लेखक तो अनुभव सांगायचे विसरून जातो. त्याऐवजी काय दिसले, कोण काय म्हणाले, हातात काय होते, किती वाजले होते, हे लिहावे. ठिकाण पाहायला गेला असाल तर सभागृह सुंदर होते म्हणण्यापेक्षा असे लिहावे, की दुपारी चार वाजता पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट व्यासपीठावर येत होते, म्हणून तुम्ही दोघांनी खुर्च्यांची दिशा बदलता येईल का असे विचारले, आणि व्यवस्थापकाने एकही प्रश्न न विचारता तिथल्या तिथे दोन रांगा फिरवून दाखवल्या. असे तपशील आठवणीत फार काळ टिकत नाहीत. म्हणून त्याच संध्याकाळी मोबाइलवर दोन मिनिटांची ध्वनिनोंद करावी आणि सवड होईल तेव्हा तिच्यावरून मसुदा लिहावा. मसुदा एक रात्र तसाच ठेवून दुसऱ्या दिवशी मोठ्याने वाचावा. जिथे जीभ अडखळते तिथे वाक्य दुरुस्त करावे.

वडीलधाऱ्यांच्या आठवणींच्या नोंदीवर मात्र वेळ खर्च करायला मुळीच कचरू नये, असे मला मनापासून वाटते, कारण लग्नाच्या निमित्ताने ज्या गप्पा होतात त्या एरवी क्वचितच होतात, आणि त्या सांगणारी माणसे नेहमी असणार नाहीत. ‘तुमचे लग्न कसे झाले?’ असे विचारले की ‘झाले साधेपणाने’ एवढेच उत्तर मिळते. प्रश्न लहान आणि नेमके असावेत: लग्नाच्या आदल्या रात्री तुम्ही कुठे झोपला होतात? त्या दिवशी कोणाला पोहोचायला उशीर झाला? तुमच्या अंगावरचे कपडे कोणी शिवले होते? पुढे ते कपडे कुठे गेले? जुने छायाचित्र हातात देऊन त्यातल्या प्रत्येक माणसाचे नाव विचारणे हा तर सर्वांत चांगला मार्ग आहे. नावांच्या मागोमाग गोष्टी आपोआप येतात. परवानगी घेऊन ध्वनिमुद्रण करावे, त्यांचे शब्द शक्य तितके त्यांचेच ठेवावेत, आणि लिहून झाल्यावर नावे व वर्षे त्यांच्याकडून तपासून घ्यावीत. जुनी छायाचित्रे मोबाइलने टिपण्यापेक्षा स्कॅन करावीत. चार बाय सहा इंचांचे छायाचित्र ६०० डीपीआयवर, म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके घेऊन, स्कॅन केले तर २४०० बाय ३६०० पिक्सेलची प्रत मिळते, आणि ती छापायलाही पुरेशी होते.

समारंभासाठी काम करणाऱ्या व्यावसायिकांबद्दल लिहिताना दोन पथ्ये पाळावीत. कोणी सवलत किंवा विनामूल्य सेवा दिली असेल तर ते नोंदीच्या आरंभीच सांगावे. तक्रार असेल तर लग्न होऊन व्यवहार पूर्ण होईपर्यंत थांबावे आणि मग काय ठरले होते, काय मिळाले एवढेच लिहावे. त्या व्यक्तीच्या हेतूंबद्दल तर्क करू नयेत.

मराठीत टंकताना

मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे सर्व यंत्रांवर सारख्या वाचल्या जाणाऱ्या अक्षरसंकेतातच, टंकावा. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधून चिकटवलेला मजकूर दुसऱ्याच्या मोबाइलवर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो आणि शोधताही येत नाही. देवनागरीत मात्रा वर आणि उकार खाली येत असल्यामुळे ओळींमधले अंतर रोमन लिपीपेक्षा अधिक लागते. अक्षराच्या आकाराच्या १.६ ते १.८ पट अंतर आणि १८ पिक्सेलचे अक्षर वडीलधाऱ्या वाचकांनाही सुखाचे होते. शीर्षक मराठीत असावे, पण नोंदीच्या पत्त्याचा शेवटचा भाग छोट्या रोमन शब्दांत ठेवावा. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह पत्त्यात टक्क्याच्या खुणांसह नऊ रोमन चिन्हांचे होऊ शकते, त्यामुळे दहा चिन्हांचे शीर्षक दुवा पाठवताना नव्वद चिन्हांची लांबलचक शेपटी होते आणि काही ठिकाणी मध्येच तुटते.

छायाचित्रे

छायाचित्रकाराशी करार करतानाच ब्लॉगवर चित्रे टाकण्याची परवानगी लेखी घ्यावी. छायाचित्राचा स्वामित्वहक्क कोणाकडे असतो याचे नियम देशादेशांत वेगळे आहेत, आणि पैसे दिले म्हणजे सारे हक्क मिळाले असे सर्वत्र नसते. श्रेय कसे द्यायचे, रंगांत बदल केलेले चालतील का आणि चित्रे किती आठवड्यांत मिळतील, हेही त्याच कागदावर लिहून घ्यावे.

२४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याचे चित्र ६००० बाय ४००० पिक्सेलचे असते आणि त्याची फाइल अनेकदा ८-१० एमबीची होते. अशी वीस चित्रे एका पानावर टाकली तर संथ इंटरनेटवर पान उघडतच नाही. लांब बाजू १६०० ते २००० पिक्सेल ठेवून प्रत्येक चित्र शक्यतो ४०० केबीच्या आत आणावे, आणि एका नोंदीत आठ-दहा चित्रांवर जाऊ नये. प्रत्येक चित्राला पर्यायी मजकूर, म्हणजे चित्रात काय आहे ते सांगणारे छोटे वर्णन, द्यावे. दृष्टिहीन वाचकांची वाचनप्रणाली तेच वाचून दाखवते. चित्राखाली माणसांची नावे डावीकडून उजवीकडे लिहिण्याचा जुना रिवाज मला फार मोलाचा वाटतो. आज ती नावे सर्वांना ठाऊक असतात, तीस वर्षांनी ती सांगणारे कोणी असेलच असे नाही.

लग्नाचा आठवडा आणि नंतर

लग्नाच्या आठवड्यात ब्लॉग बंद ठेवावा. समारंभ चालू असताना नोंद लिहिणारी व्यक्ती त्या समारंभात पुरती नसते. त्या दिवशी एखाद्या जिवलग मित्राला एवढेच सांगावे, की तीन-चार लहान प्रसंग लक्षात ठेव आणि नंतर मला सांग, कारण वधू-वरांना स्वतःच्या लग्नातले निम्मे काही दिसतच नाही.

त्यानंतरच्या तीन दिवसांत दोघांनी वेगवेगळे बसून, एकमेकांशी न बोलता, आपापल्या आठवणी लिहाव्यात किंवा ध्वनिमुद्रित कराव्यात. एकदा चर्चा झाली की दोन आठवणींची एकच आठवण होते. छायाचित्रकाराची चित्रे येईपर्यंत लिखाण लांबवू नये. चित्रे पाहिल्यावर मनातले दृश्य पुसले जाऊन चित्रातले दृश्यच आठवू लागते. मजकूर आधी पूर्ण करावा, चित्रे नंतर जोडावीत. दोघांच्या आठवणी शेजारी-शेजारी ठेवलेली नोंद, जिथे त्या जुळत नाहीत तिथेही न जुळवता, ही बहुधा संपूर्ण ब्लॉगातली सर्वांत जिवंत नोंद होते.

लग्नाचा पहिला वाढदिवस जवळ आला की समारोपाची नोंद लिहावी आणि त्या दिवशी ब्लॉग पूर्ण झाल्याचे जाहीर करावे. वाचकांच्या नव्या प्रतिक्रियांची सोय बंद करावी, म्हणजे पुढे निरुपयोगी जाहिरातींचा कचरा साचत नाही. सर्व मजकूर उतरवून घ्यावा, मूळ छायाचित्रे आणि ध्वनिमुद्रणे त्याच फोल्डरमध्ये ठेवावीत, आणि त्यांच्या तीन प्रती कराव्यात: दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली निदान एक प्रत घराबाहेर. चौदा नोंदींची एक छापील प्रतही बांधून घ्यावी. ज्यांच्या आठवणी ब्लॉगात आल्या आहेत पण ज्यांनी तो पडद्यावर कधीच वाचला नाही, अशा वडीलधाऱ्यांच्या हाती ती प्रत पहिल्यांदा द्यावी, आणि त्यांनी पेन्सिलीने केलेल्या दुरुस्त्या मूळ नोंदींमध्ये उतरवून घ्याव्यात.